देवळांच्या पायथ्याची बाग

मंडळी, शाळेतला युरोपचा नकाशा जरा डोळ्यांपुढे आणा. इटली देशाचा आकार उंच बुटासारखा. त्या बुटाच्या टोकाशी समुद्रात एक तीनकोनी बेट दिसते, ते सिसिली. भूमध्य समुद्रातले हे सर्वांत मोठे बेट. त्याच्या दक्षिण किनाऱ्याजवळ आग्रिजेंतो नावाचे शहर आहे. इ. स. पूर्व सहाव्या शतकात ग्रीकांनी ते वसवले, तेव्हा त्याचे नाव होते आक्रागास. प्रवासी तिथे जातात ते ग्रीकांची जुनी देवळे पाहायला. पण देवळांच्या खालच्या अंगाला, एका घळीत, कोलिंबेत्रा नावाची बाग आहे. आज तुम्हांला तिकडेच न्यायचे आहे.

या बागेची कथा एका लढाईपासून सुरू होते. इ. स. पूर्व ४८० साली हिमेरा येथे ग्रीकांनी कार्थेजच्या फौजेचा मोड केला. हजारो सैनिक पकडले गेले. आक्रागासमधल्या काही नागरिकांच्या पदरी तर पाचपाचशे कैदी आले, असे डायोडोरस हा सिसिलीचाच इतिहासकार लिहितो. त्या कैद्यांकडून दगड फोडून घेतले, देवळे उभारली आणि जमिनीखालून पाण्याचे कालवे खोदवले. हे पाणी एका मोठ्या तलावात सोडले. त्याचा घेर सुमारे सव्वा किलोमीटर, खोली तीस फूट. त्यात मासे पाळले, हंस पोहू लागले. कालव्यांचे काम फायाक्स नावाच्या माणसाने पाहिले, म्हणून कालव्यांना त्याचे नाव पडले. ज्यांनी ते प्रत्यक्ष खणले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्या कालव्यांना मिळाले नाही.

पुढे तलावाकडे दुर्लक्ष झाले, तो गाळाने भरला. पण गाळ म्हणजे शेतकऱ्याचे सोनेच की! लोकांनी तिथे द्राक्षवेली आणि तऱ्हेतऱ्हेची झाडे लावली.

नवव्या शतकात अरब सिसिलीत आले. त्यांनी लिंबू आणि कडू नारिंग आणले, पाणी खेळवण्याची विद्या आणली. आपल्या संस्कृतातला 'नारंग' फारसीत आणि अरबीत जाऊन इटालियनमध्ये 'अरांचा' झाला. पाण्याच्या टाक्याला आणि पाटाला सिसिलीचे शेतकरी आजही अरबीतून आलेले शब्द वापरतात. आपल्याकडे मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जमिनीखालून नहर आणली. ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही विद्या ओळखीची वाटेल.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र ही बाग ओस पडली होती. पाट बुजले, झुडपे माजली. १९९९ साली वारसा जपणाऱ्या 'फाय' या इटालियन संस्थेने ती सांभाळायला घेतली. झाडी साफ केली, पाट मोकळे केले, आणि २००१ साली बाग लोकांना खुली झाली.

आज आत गेलात तर काय दिसेल? संत्री, लिंबे, बदाम, ऑलिव्ह, आणि आपल्या बांधावरचा असतो तसा फड्या निवडुंग. तोही तिथला नव्हे, अमेरिकेतून आलेला! झाडांना मातीची आळी केलेली. ग्रीकांच्या काळातल्या भुयारांतून पाणी अजून झिरपते आणि पाटाने आळ्यांत जाते. दारे धरण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना तिथे कोणी काही समजावून सांगायला नको.

गुरुजी, ही हकिकत मुलांना सांगाल तेव्हा देवळांच्या चित्राबरोबर पाटाचेही चित्र फळ्यावर काढा. देवळे पुष्कळशी पडली. पाणी मात्र चालू राहिले, कारण पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी गाळ काढत होते. ज्या वर्षांत तो काढला नाही, त्या वर्षांत बाग गेली. तुमच्या गावात जुनी बारव असेल, बुजलेला पाट असेल, तर मुलांना घेऊन एकदा तिथे जा. तो कोणी बांधला, हे विचारा. आणि तो खणला कोणी, हेही विचारा.