मत्स्य की मांस? ॲलिगेटरच्या आहाराचा इतिहास

अमेरिकेत ह्यूस्टन नगरी स्थायिक झालेल्या आमच्या एका भाचीने पत्राने विचारले आहे की, तेथील दुकानांत ॲलिगेटरचे मांस मिळते आणि शेजारीपाजारी ते 'पाण्यातले' म्हणून आग्रहाने वाढतात; तेव्हा जो मासळी खातो पण मांस खात नाही, त्याने ते काय समजावे? सोमवारी शिवराक असणाऱ्यास हा प्रश्न पडत नाही, कारण त्या दिवशी मासळीही वर्ज्य. पण उरलेल्या दिवसांचे काय? प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा वाटला, तरी शोध घेता तो पुष्कळ जुना असल्याचे आम्हांस आढळले.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मांसवर्गाची जी विभागणी आहे, तीत 'वारिशय' म्हणजे पाण्यात वास करणाऱ्या प्राण्यांच्या एकाच गणात मत्स्य, कूर्म, कर्कटक यांच्याबरोबर कुंभीर आणि मकर येतात. सुश्रुताने मात्र मत्स्यांचा गण निराळा केला आणि कुंभीर, शिशुमार, कूर्म यांस 'पादिन्' म्हणजे पायांचे म्हणून वेगळे बसविले. ही वर्गवारी वैद्यांची, गुणदोष पाहण्यासाठी केलेली. तीत धर्माची अनुज्ञा शोधू नये. तथापि मगरीस माशांच्या पंक्तीस बसवावे की नाही, याविषयी आमच्या दोन आचार्यांची रीत एक नव्हती, एवढे खरे.

हाच प्रश्न २०१० साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप ग्रेगरी एमंड यांच्यापुढे आला. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य व मासळी ग्राह्य, हा नियम आमच्या गोव्यातील ख्रिस्ती शेजाऱ्यांमुळे वाचकांस ठाऊक आहेच. ॲलिगेटर त्यात कोठे बसतो? आर्चबिशपांनी लेखी उत्तर दिले की, तो मत्स्यवर्गातच धरला जातो. त्यांच्या नियमात मांस म्हणजे उष्ण रक्ताच्या भूचरांचे. म्हणजे आर्चबिशप न कळत चरकाच्या बाजूस गेले!

आता ह्या प्राण्याविषयी. ॲलिगेटर म्हणजे आमची मगर नव्हे. त्याचे कुळ निराळे, तोंड रुंद व पुढे गोलसर. स्पॅनिश लोक त्यास 'एल लागार्तो', म्हणजे सरडा, म्हणत. त्याचाच हा अपभ्रंश. फ्लोरिडातील मूळ रहिवासी त्याचे मांस धुरावर वाळवीत, हे १५९१ साली थिओडोर द ब्री याने छापलेल्या चित्रांवरून दिसते. लाकडी मांडवावर मासे, हरीण, साप यांच्या शेजारी ॲलिगेटरही पडलेला आहे. पुढे लुइझियानाच्या दलदलीत ॲकेडियन लोक येऊन राहिले. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांस कॅनडाकडील त्यांच्या भूमीतून हुसकले होते. १५६० साली कुशस्थळीहून श्रीमंगेशास झुआरीपार प्रियोळास नेणाऱ्यांच्या वंशजांस ह्या लोकांची गत समजावून सांगावयास नको. जी जमीन कोणास नको होती ती त्यांच्या वाट्यास आली, आणि त्या पाण्यात जे मिळे ते त्यांच्या चुलीवर चढले.

परंतु व्यापाऱ्यांस मांस नको होते, कातडे हवे होते. एकोणिसाव्या शतकापासून जोडे, पट्टे, पेट्या यांसाठी ॲलिगेटर इतके मारले गेले की धडे दलदलीतच कुजत पडत. अखेर १९६२ साली लुइझियानाने शिकार बंद केली, आणि १९६७ साली केंद्र सरकारने त्यास नष्टप्राय प्राण्यांच्या यादीत घातले. दहा वर्षांच्या बंदीनंतर १९७२ च्या सप्टेंबरात कॅमेरॉन ह्या एका परगण्यापुरती शिकार पुन्हा खुली झाली, १९८१ पासून राज्यभर. मात्र ती मोजून. ज्याची जितकी दलदल, त्यास तितकी क्रमांकाची चकती. प्रत्येक कातड्यास चकती बांधलीच पाहिजे. रानातली अंडी गोळा करून पिले वाढविणाऱ्यांनी दलदलीच्या मालकास अंड्यांचे पैसे द्यावयाचे आणि वाढलेल्या पिलांचा ठरावीक हिस्सा पुन्हा पाण्यात सोडावयाचा. दलदल बहुतांशी खाजगी मालकीची. ती भरून टाकण्यापेक्षा ओली राखण्यात मालकास लाभ दिसू लागला. १९८७ साली ॲलिगेटर पूर्ण सावरल्याचे जाहीर झाले. आज एकट्या लुइझियानाच्या रानात ते सुमारे २० लाख असावेत, असा तेथील वन्यजीव खात्याचा अंदाज आहे.

दुकानातली पुडी येते ती ह्या व्यवस्थेतून. विकत घेणारे शेपटीचे मांस आधी मागतात. ते पांढरे व मऊ. पायांचे व धडाचे अधिक काळसर आणि चिवट असते. सुगरणी पहिल्याने चरबी कसोशीने काढतात, कारण उग्र वास तीतच असतो. मग आडवे पातळ काप करून ताकात किंवा दुधात मुरवितात आणि मक्याच्या पिठात घोळवून तळतात. चिवट भागाचे 'सॉस पिकांत' होते: मैदा तेलात तपकिरी होईतो परतावयाचा, त्यात कांदा, सेलरी, ढोबळी मिरची, टोमॅटो व लाल तिखट घालून मंद आचेवर दीर्घकाळ शिजवावयाचे, आणि भाताबरोबर वाढावयाचे. मुरवण, मंद आच, शेवटी भात! आमच्या वाचकांपैकी कोणी हे करून पाहील असे नाही. पण रीत ओळखीची वाटते, हे कबूल केले पाहिजे.

ज्या सप्टेंबरात लुइझियानाने शिकार उघडली, त्याच महिन्यात, ९ सप्टेंबर १९७२ रोजी, आमचा वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि मगरीच्या शिकारीचे दार बंद झाले. १९७५ पासून मगरसंवर्धनाची योजना सुरू झाली. एकाच महिन्यात दोन देश उलट दिशांना गेले आणि दोहोंकडे प्राणी वाचला. म्हणून तिकडच्या ताटाकडे पाहून नाक मुरडण्याची घाई आम्हांस करवत नाही. तेथे प्राण्याबरोबर दलदलही राखली गेली. आमच्याकडे प्राण्यास अभय मिळाले. पाण्याचे तसे म्हणवत नाही. वडोदऱ्यात विश्वामित्रीच्या मगरी भर शहरातून वाहणाऱ्या त्या नदीत राहतात, आणि २०२४ च्या ऑगस्टातील पुरात त्या लोकवस्तीत शिरल्या तेव्हा सर्वांची धावपळ झाली. गोव्यात मांडवी आणि झुआरी यांस जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या खाडीत त्या अद्याप आहेत. पण तशाच खाऱ्या पाण्याकाठची खाजने अनेक ठिकाणी बांध फुटून, मानशी मोडून पडली आहेत.

भाचीस आम्ही चरक, सुश्रुत आणि आर्चबिशप असे तिघांचे मत कळविले, आणि निवड तिच्यावर सोपविली. सोबत दुर्भाट-बोरीकडील माणगें थापणीची हकीकतही लिहिली, कारण ती मुलगी लहानपणी आजोळी असूनही तिने ती पाहिलेली नाही. पौष अमावास्येस शेतकरी खाजनातल्याच चिखलाची मगर घडवितात, पाठीवर खवल्यांच्या जागी शिंपले रोवतात, तिची पूजा करतात आणि बांध सांभाळ म्हणून तिला विनवितात. पुढे ती मूर्ती तेथेच वाळते, तडकते आणि शेतात मिसळून जाते.