हळदोण्याचं घराणं

तेलंगणातल्या बोथमध्ये नवरदेवाची मिरवणूक, म्हणजे परण्या, मारुतीच्या देवळाकडे निघाली की ताशा माणसं गोळा करतो आणि ट्रम्पेट त्यांना नाचवतं. गाणं हिंदी सिनेमातलं. नाचणाऱ्यांची बोली मराठी, तेलुगू, गोंडी, कोणतीही. तबल्याला घराणं असतं, सनईला असतं. या पितळी वाद्याचं कुळ मात्र कोणी विचारत नाही. विचारलं तर माग गोव्यातल्या हळदोण्यापर्यंत जातो.

तिथे १९१६ साली अंतोनियो झेवियर वाझ जन्मले. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरं स्वरलिपी वाचायला शिकत आणि पुढे ती विद्या घेऊन पोटासाठी मुंबई गाठत. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले कृष्णवर्णीय जॅझवादक येऊन वाजवू लागले. कागदावरचं संगीत गोवेकरांना येतच होतं. कागदावर न मावणारं, म्हणजे सूर जरा मागे रेंगाळत ठेवणं, मध्येच खरखरवणं, ऐन वेळी नवी जागा घेणं, ते त्यांनी या पाहुण्यांकडून उचललं. वाझ यांनी तर लुई आर्मस्ट्राँगची ढब इतकी आत्मसात केली की लोक त्यांना भारताचे आर्मस्ट्राँग म्हणू लागले. रंगमंचावरचं त्यांचं नाव चिक चॉकलेट.

ट्रम्पेटला कळा तीनच. बाकी सगळा कारभार ओठांचा आणि दमाचा. चिक यांचा हा दम सिनेमाला मिळाला तो पुणतांब्याच्या चितळकरांमुळे, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र यांच्यामुळे. त्यांचं संगीत असलेल्या १९५१च्या ‘अलबेला’त चिक यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. चाल देशी, पण गायकाची ओळ संपली की मधल्या रिकाम्या जागेत ट्रम्पेट उत्तर देतं. सवाल-जवाबावर पोसलेल्या कानांना ते परकं वाटलंच नाही.

श्रेयनामावलीत मोठं नाव संगीतकाराचं. वाद्यमेळ सांभाळणारे गोवेकर मागे राहिले. १९६७ साली चिक गेले. गावोगावच्या बँडवाल्यांनी मात्र सिनेमातली ती फुंक कानानेच उचलली, स्वरलिपीशिवाय.

म्हणून आजही परण्यात गाणारं कोणी नसताना ट्रम्पेटवाला ओळीच्या शेवटी थांबतो, गाल फुगवतो आणि मधली जागा भरतो. नाचणाऱ्यांचे हात वर जातात ते नेमके तिथेच.