फोटोवर फिरलेला हात

फोटोत फेरफार करावा की कॅमेऱ्याने दिला तसाच तो ठेवावा, हा वाद संगणकाबरोबर आलेला नाही. भारतात त्याचा माग काढायचा तर १८५७पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षीच्या जूनमध्ये हैदराबाद कंटिन्जंट या निजामाच्या, पण ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या पहिल्या घोडदळातील स्वारांनी औरंगाबादच्या छावणीत उठाव केला. पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज येऊन थडकली. पकडलेल्यांपैकी कुणाला फाशी झाली, कुणाला तोफेच्या तोंडी दिले गेले. शहराच्या आठवणीत ती जागा काळा चबुतरा म्हणून राहिली आणि आजचा क्रांती चौक तो हाच. मुंबईत फोटोग्राफीची संस्था १८५४मध्येच स्थापन झाली होती. पण रसायन लावलेल्या ओल्या काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत, आणि तेवढ्या वेळात हललेला माणूस पुसट होऊन जाई. असा प्रसंग घडत असताना टिपणे त्या काळच्या कॅमेऱ्याच्या आवाक्यात नव्हते.

जे घडताना टिपता येत नव्हते, ते नंतर मांडून टिपले गेले. फेलिस बिआतो हा छायाचित्रकार १८५८च्या मार्चमध्ये लखनौला पोहोचला. तिथल्या सिकंदर बागेत इंग्रज फौजेने केलेली बंडखोर शिपायांची कत्तल आदल्या नोव्हेंबरातली, म्हणजे चार महिने जुनी. तरीही त्याच्या प्रसिद्ध फोटोत बागेच्या अंगणात शिपायांची हाडे आणि कवट्या विखुरलेल्या दिसतात. झाकून टाकलेले हे अवशेष फोटोसाठी मुद्दाम उघडे करून घेतले गेले, अशी नोंद एका समकालीन ब्रिटिश अधिकाऱ्याच्या आठवणींत आहे. बिआतोच्या काचेवर पेन्सिल किंवा ब्रश फिरलेला नसेलही. हात फिरला तो कॅमेऱ्यासमोरच्या जमिनीवर. ‘फोटोला काहीच केलेले नाही’ हे वाक्य खरे असूनही फोटो दिशाभूल करू शकतो, याचे इतके जुने आणि इतके क्रूर उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

कापून जोडण्याचे कामही लांबून आले नाही. मुंबईच्या फोटोग्राफिक संस्थेच्या संस्थापक सभासदांपैकी विल्यम जॉन्सन याने मुंबईतल्या जातीजमातींचा सचित्र ग्रंथ १८६३ आणि १८६६मध्ये दोन खंडांत काढला. त्यातली माणसे स्टुडिओत उभी करून टिपलेली आहेत आणि त्यांच्यामागचे देखावे वेगळ्या काचांवरचे आहेत. माणसांच्या आकृत्या कापून त्या देखाव्यांवर बसवल्या आणि त्या जोडकामावरून नव्याने छपाई केली. नीट पाहिले तर कडा कळतात, सावल्या जुळत नाहीत. आणि हा ग्रंथ करमणुकीसाठी नव्हता. लोकसमूहांची माहिती देणारे पुस्तक म्हणून तो वाचकांपुढे आला होता.

त्या पिढीच्या छायाचित्रकारांना फेरफार टाळणे अवघडही होते, कारण काचच खोटे बोलत असे. जुन्या काचेवरचे रसायन निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देई आणि तांबड्याला जवळपास देतच नसे. त्यामुळे निळे आकाश पांढरेफटक येई, कुंकू आणि तांबडे पागोटे काळे पडत, गव्हाळ चेहरा प्रत्यक्षाहून सावळा होई आणि त्वचेवरचा लालसर डाग शाईच्या ठिपक्यासारखा उठून दिसे. सगळ्या रंगांना जाणणाऱ्या काचा बाजारात यायला विसावे शतक उजाडावे लागले. तोवर आकाशासाठी दुसऱ्या काचेवरचे ढग आणून छापणे आणि चेहऱ्यासाठी पेन्सिल हाती घेणे, ही रसायनाची चूक निस्तरण्याचीच रीत होती.

अजिंठ्यात ही उणीव फार जाणवली. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४मध्ये मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल याला तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमले. त्याच्या बहुतेक नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये होत्या आणि १८६६च्या डिसेंबरातल्या आगीत त्या जळाल्या. दरम्यान गिल कॅमेराही वापरू लागला होता. १८६४मध्ये त्याचे ७४ फोटो आणि जेम्स फर्ग्युसनचे विवेचन असलेले लेण्यांवरचे पुस्तक निघाले. खांब, चैत्यगवाक्षे, शिल्पे या फोटोंत चोख उतरली. चित्रे मात्र कॅमेऱ्याच्या कह्यात येणारी नव्हती: गेरू आणि पिवळी माती काळवंडणार, लाजवर्दी निळा फिकट पडणार. म्हणून कॅमेरा हाताशी असूनही मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांना १८७२पासून आपल्या विद्यार्थ्यांसह पुन्हा ब्रशच हाती घ्यावा लागला. त्या नकलांपैकीही पुष्कळ १८८५मध्ये लंडनच्या आगीत गेल्या. हाताने केलेली नक्कल फोटोपेक्षा खरी ठरावी, असा हा काळ होता.

निजामाच्या राज्यात व्यावसायिक फोटोग्राफीला प्रतिष्ठा मिळवून दिली ती लाला दीनदयाळ यांनी. १८४४मध्ये जन्मलेले दीनदयाळ रुरकीला शिकून इंदूरच्या बांधकाम खात्यात लागले आणि पुढे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. सिकंदराबादेत आणि नंतर मुंबईत त्यांचे स्टुडिओ होते. वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा यांचे त्यांनी काढलेले फोटो आजही अभ्यासक पुराव्यासारखे वापरतात. त्याच स्टुडिओतून राजेरजवाड्यांच्या तसबिरीही निघत, आणि तिथे चेहरा नितळ करण्याचे व रंग भरण्याचे काम चाले. वास्तूची काच आणि माणसाची काच यांना दोन वेगळे नियम लावले जात, आणि गिऱ्हाइकालाही ते ठाऊक असे.

माणसाच्या काचेवरचे काम म्हणजे रिटचिंग. मराठी स्टुडिओंत त्याला नुसते ‘टचिंग’ही म्हणत. खिडकीशी एक उतरते मेज असे. त्यात दुधी काच बसवलेली आणि तिच्याखाली उजेड वर फेकणारा आरसा. निगेटिव्हच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पेन्सिल टिकत नाही, म्हणून रसायनाच्या बाजूला कापसाने पेन्सिल धरून ठेवणारे ‘मिडियम’ चोळत. मग कठीण शिशाची पेन्सिल सँडपेपरवर घासून तिला सुईसारखे लांब टोक काढायचे आणि स्वल्पविरामाएवढ्या बारीक रेघा ओढायच्या. निगेटिव्हवर जिथे शिसे चढते तिथे कागदावर उजळ येते. म्हणून डोळ्यांखालचे वर्तुळ, कपाळावरची आठी, देवीचा व्रण हे सगळे पेन्सिलीने भरून निघे. उलट कागदावर काळे हवे असेल, तर धारदार पात्याने निगेटिव्हवरचा थर खरवडायचा. इथे हात घसरला की काच वाया. कागदावर उरलेले पांढरे ठिपके बारीक ब्रशने बुजवणे हे शेवटचे काम, त्याला स्पॉटिंग म्हणत. चांगला रिटचर सुरकुती पुसत नसे, नुसती सौम्य करी. सगळ्या सुरकुत्या गेल्या तर चेहरा मेणाचा दिसतो आणि घरचेच म्हणतात, हे आमचे दादा नव्हेत.

या कामाला विरोधही जुना आहे. इंग्लंडमध्ये पी. एच. इमर्सन याने १८८९च्या आपल्या पुस्तकात रिटचिंगवर कडाडून टीका केली: फोटोचे त्यामुळे वाईट चित्र होते, असे त्याचे म्हणणे. त्याआधी हेन्री पीच रॉबिन्सनने पाच काचा जोडून एका मरणासन्न मुलीचा देखावा १८५८मध्ये तयार केला होता, आणि त्यावरही गहजब झाला होता. महाराष्ट्रात मात्र स्टुडिओचा व्यवसाय या वादात अडकला नाही. इथे गिऱ्हाइकाची गरजच निराळी होती.

ती गरज बहुतेक वेळा मृत्यूनंतर उभी राही. घरातले माणूस गेले की त्याचा फोटो हवा असे, आणि अनेकदा तो एखाद्या लग्नाच्या ग्रुपफोटोतच सापडे. स्टुडिओवाला त्यातला चेहरा वाढवून घेई, शेजारच्याचा खांदा काढून टाकी, अंगात कोट चढवी, डोक्यावर टोपी किंवा फेटा देई, मिटलेले डोळे उघडी. आई आधी गेलेली आणि वडील नंतर, दोघांचा एकत्र फोटो कधी निघालाच नाही, अशा घरांसाठी दोन फोटोंतून एक जोडफोटो तयार होई. तो भिंतीवर लागे, त्याला हार चढे. ही फसवणूक म्हणता येत नाही. तो कोट वडिलांचा नव्हता आणि ती दोघे अशी शेजारी बसली नव्हती, हे त्या घरातल्या प्रत्येकाला माहीत असे. अडचण येते ती तो फोटो घराबाहेर पडून एखाद्या स्मरणिकेत किंवा चरित्रात पुरावा म्हणून छापला जातो तेव्हा. पन्नास वर्षांनी त्या कोटावरून त्या माणसाचा पोशाख ठरवला जातो, आणि तोवर मूळ ग्रुपफोटो हरवलेला असतो.

अजिंठ्यात मूळच नाहीसे होण्याच्या या चुकीचे मोठे रूप दिसले, आणि तेही खुद्द चित्रांवर. निजाम सरकारने १९२०मध्ये चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना भित्तिचित्रे जतन करण्यासाठी आणले. त्यांनी सुटणारा गिलावा पक्का केला, ही त्यांची मोठी कामगिरी. पण चित्रांवर लाखेचे रोगणही चढवले गेले आणि काळाबरोबर ते पिवळे पडून रंग झाकोळले. गुलाम याझदानी यांच्या १९३०पासून निघालेल्या अजिंठ्यावरच्या ग्रंथांत ई. एल. व्हॅसी यांच्या फोटोंवर आधारलेले रंगीत ठसे आहेत. ते त्या काळच्या भिंतीचे साक्षीदार म्हणून मोलाचे ठरले. १९९०च्या दशकाच्या आरंभी बिनॉय बहल यांनी फ्लॅश न वापरता, मंद उजेडात लांब एक्स्पोजर देऊन चित्रे टिपली आणि अंधारात बुडालेले रंग लोकांना पाहायला मिळाले. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी पुढचे पाऊल टाकले: भिंतीचे फोटो काढून, झिजलेले आणि पडलेले भाग संगणकावर पुन्हा उभे करायचे. हा उघड फेरफार आहे, आणि तरीही तो रोगणापेक्षा शतपटीने सुरक्षित आहे. भिंतीला बोट लागत नाही, मूळ फोटो शाबूत राहतो, आणि उद्याच्या अभ्यासकाला एखादी रेघ पटली नाही तर तो ती बदलू शकतो.

निगेटिव्हवरची पेन्सिल संपवली ती छोट्या आणि रंगीत फिल्मने. ३५ मिलीमीटरच्या फिल्मवर चेहरा इतका लहान असतो की तिथे रेघ ओढणे शक्य नाही. रंगीत लॅब आल्या आणि शहरोशहरीचे रिटचर बेकार झाले. १९९०मध्ये फोटोशॉप बाजारात आले आणि पुढे तेच काम माउसच्या टोकावर परतले. फ्लेक्सच्या छपाईने त्याला रस्त्यावर आणले. वाढदिवस, निवड, जयंती या निमित्तांनी चौकाचौकांत लागणाऱ्या फलकांवर डझनावारी चेहरे कापून ओळीने बसवलेले असतात. जॉन्सनने दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत केलेले जोडकाम ते हेच, फक्त इथे कुणी त्याला माहितीचे चित्र समजत नाही.

बातमीचा फोटो मात्र माहिती म्हणूनच पाहिला जातो. ९ ऑगस्ट २०१६ रोजी मराठा क्रांती मोर्चाचा पहिला मूक मोर्चा औरंगाबादच्या त्याच क्रांती चौकातून निघाला, तेव्हा मोर्चाचा आकार आणि शिस्त राज्याला कळली ती फोटोंतून. अशा फोटोत उजेड थोडा कमीजास्त केला तर अर्थ बदलत नाही. एक माणूस वाढवला किंवा काढला तर बदलतो. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेने २०१०मध्ये एक विजेता फोटो याच कारणाने बाद केला. छायाचित्रकाराने तो भरपूर कापला होता, कृष्णधवल केला होता, आणि त्याला कुणाची हरकत नव्हती. पण पट्टी बांधलेल्या हातामागे दिसणारा दुसऱ्याच्या पायाचा एक लहानसा तुकडा त्याने पुसला होता, आणि तेवढ्यावर बक्षीस गेले.

आता तर कॅमेराच फेरफार करतो. मोबाइल एका फोटोसाठी पाठोपाठच्या अनेक चौकटी घेऊन त्या एकत्र करतो, आकाश गडद करतो, चेहरा उजळतो. वापरणाऱ्याने काहीच न करता. कायद्यानेही ‘फोटोला हात लागला का’ यापेक्षा ‘हीच ती फाइल का’ हे तपासण्यावर भर दिला आहे. पूर्वी फोटो पुरावा म्हणून द्यायचा तर निगेटिव्ह आणि फोटोग्राफरची साक्ष मागितली जाई. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली डिजिटल फोटोसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून निघणारी तिची ओळखखूण, नोंदवावे लागते. फोटोतला एक ठिपका जरी बदलला तरी हे मूल्य बदलते. मूळ फाइल जपलेली असेल तरच ते जुळते.