मुळ्यावरची काळी अळी : दोनशे वर्षांची ओळख

थंडी पडली की खडकवासल्याकडं मुळा, मोहरी, फ्लॉवरच्या कोवळ्या रोपांवर काळी अळी दिसते. पुस्तकात तिला मोहरीवरची करवती माशी म्हणतात. शास्त्रीय नाव अथालिया प्रॉक्सिमा. हे नाव 1815 सालचं, बर्लिनच्या क्लूग नावाच्या किडेशास्त्रज्ञानं दिलेलं. प्रॉक्सिमा म्हणजे जवळची. आपल्याला तर फारच जवळची निघाली!

आपलं धरण 1879 ला पुरं झालं. कालव्याला बारमाही पाणी आलं तसा काठानं ऊस आला, भाजीपाला आला. मोहरी, मुळा, कोबी, फ्लॉवर, सलगम ही सगळी एकाच कुळातली पिकं, आणि अळीला हेच कूळ लागतं. शेजारच्या वांग्याला ती तोंड लावत नाही.

पुढं बिहारात पुसा इथं सरकारी कीटकशास्त्रज्ञ लेफ्रॉय होते. 1909 च्या त्यांच्या भारतीय कीटकांवरच्या जाड ग्रंथात ही माशी आहे. (हे लेफ्रॉय 1925 साली लंडनला किडे मारायच्या विषारी वायूचे प्रयोग करताना गेले.)

आता मुद्द्याचं. ही पतंगाची अळी नव्हेच. हिचं कूळ मधमाशी, गांधीलमाशीचं. मोठी माशी नारिंगी, डोकं काळं, पंख धुरकट. मादीच्या शेपटाशी बारीक करवत असते, तिनं पानाची कड चिरून ती आत अंडी घालते. म्हणून नाव करवती.

ओळखायचं कसं? पाय मोजा. छातीच्या तीन जोड्या सोडा, पोटाखालच्या मोजा. पतंगाच्या अळीला जास्तीत जास्त पाच जोड्या, हिला आठ. पाठीवर पाच काळ्या रेघा. हात लावला की वेटोळं करून खाली पडते, मेल्याचं सोंग घेते.

एवढं मोजायचं कशाला? तर कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या अळीला जे बीटी जिवाणूचं औषध चालतं, ते हिला लागू पडत नाही. दुकानात नुसतं "अळी आहे" म्हटलं की तीच पुडी हातात पडते. पैसे जातात, आणि तीन आठवड्यांच्या रोपाच्या नुसत्या शिरा उरतात.

अळी सकाळ-संध्याकाळ खाते, दुपारी मातीत दडते. वाफा लहान असेल तर सकाळीच रोप हलवून वेचा. रोपं लहान असताना भरून पाणी दिलं तरी बऱ्याच बुडून मरतात. कोशात ती मातीतच जाते, म्हणून पीक निघालं की नांगरट लगेच करा.

कुणाकडं आता दिसत असेल तर पोटाखालचे पाय दिसतील असा फोटो टाका.