एका पदवीचा इतिहास, पावसाळा वगळून

संपादक मंडळाने लेख मागताना विषयही देऊन टाकला. "१९८८च्या तुकडीत पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलेली तू एकटीच, त्यावर लिही." लिहिते. पण माझ्या पदवीपेक्षा त्या विषयाचा इतिहास जास्त रंजक आहे. तो सांगितल्याशिवाय माझं पुढचं कळायचं नाही.

१९९३ साली मी पुण्याला प्रवेश घेतला, तेव्हा चिपळूणच्या बाजारपेठेत बाबांना कोणी विचारलं की मुलगी काय शिकते, तर ते सांगायचे, "झाडं लावायला शिकते." त्यांचा दोष नव्हता. विषय खरोखरच नवा होता, आणि तो विद्यापीठांच्या ज्ञानपिपासेतून कमी आणि कायदे, अपघात नि कोर्टकचेऱ्यांतून जास्त जन्मला होता.

नागपूरच्या संस्थेचं उदाहरण घ्या. १९५८ साली ती स्थापन झाली तेव्हा तिच्या नावात 'सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी' होतं. म्हणजे पिण्याचं पाणी, सांडपाणी, पटकीचे जंतू. १९७४ साली नाव बदलून त्यात 'पर्यावरण' आलं आणि ती 'नीरी' झाली. मधल्या काळात, जून १९७२ मध्ये, स्टॉकहोमची जागतिक परिषद होऊन गेली होती आणि इंदिरा गांधी तिथे बोलून आल्या होत्या. महाराष्ट्र मात्र दिल्लीची वाट बघत थांबला नव्हता. राज्याचा जलप्रदूषणाचा कायदा १९६९चा, मंडळ १९७०चं. केंद्राचा कायदा आला १९७४ मध्ये. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचं रक्षण हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरवलं. नागरिकशास्त्रात ही कर्तव्यं आपण घोकली होती. पाचेक आठवत, बाकी शेजारच्याच्या पेपरातून.

मग डिसेंबर १९८४ उजाडला. आपण सातवीत होतो. भोपाळची बातमी आली त्या आठवड्यात घरोघरी मोठी माणसं हळू आवाजात बोलत होती, कारण रासायनिक कारखाने आपल्यालाही लांब नव्हते. लोटे परशुराम म्हणजे घाट चढून गेलं की आलंच. भोपाळनंतर १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला. नोव्हेंबर १९९१ मध्ये महेशचंद्र मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की सिनेमागृहांनी प्रत्येक खेळाला पर्यावरणाच्या स्लाइड फुकट दाखवाव्यात आणि शाळा-महाविद्यालयांतून हा विषय सक्तीचा करण्याच्या दिशेने पावलं टाकावीत. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. रसायनशास्त्र सोडून या नव्या वाटेला जावं असं वाटण्यात त्या आदेशाचा वाटा होता. न्यायालय म्हणतंय म्हणजे नोकऱ्या निघणार, इतका साधा हिशोब!

एम.एस्सी.ची दोन वर्षं मी थोडक्यात आटोपते, एक गोष्ट सोडून. आमचा बराचसा वेळ पाण्यातला प्राणवायू मोजण्यात गेला. नमुन्यात स्टार्च टाकला की गडद निळा रंग येतो, आणि ब्युरेटमधून पडणाऱ्या शेवटच्या एका थेंबाने तो नाहीसा होतो. नळी किती रिकामी झाली त्यावरून प्राणवायू कळतो. सांडपाणी किती घाण आहे हे ठरवायला तोच प्रयोग दोनदा करायचा, आज आणि पाच दिवसांनी. पाचच का? ही पद्धत ब्रिटिश शाही आयोगाची, १९१२च्या अहवालातली. तिकडे असं सांगतात की विलायतेतली कुठलीही नदी उगमापासून समुद्राला मिळायला पाच दिवसांहून जास्त घेत नाही, म्हणून पाच. आपली वाशिष्ठी सह्याद्रीवरून निघते ती किती दिवसांत दाभोळला पोचते हे मी तेव्हा कोणालाच विचारलं नाही. पुढे भारतीय मानकांत तीन दिवस आणि सत्तावीस अंश तापमान आलं, एवढी तरी सुधारणा झाली.

मी दुसऱ्या वर्षाला असणार होते त्याच साली, २७ जानेवारी १९९४ रोजी, केंद्र सरकारची अधिसूचना निघाली. मोठ्या प्रकल्पांना आता पर्यावरणीय परिणामांचा अहवाल देऊन मंजुरी घेणं भाग होतं. आमच्या पदवीला बाजारभाव आला तो त्या दिवशी. अहवाल लिहायला माणसं हवी होती, आणि आम्ही तयार होत होतो. १९९५ साली मला मुंबईच्या एका सल्लागार कचेरीत नोकरी लागली. पगार प्रकल्पवाल्यांच्या पैशातून यायचा, म्हणजे ज्याची तपासणी करायची त्याच्याकडूनच. हे कोणाला खटकत नव्हतं, मलाही नाही. घाईच्या प्रकल्पांसाठी 'जलद' अहवालाची सोय होती. एका ऋतूची मोजणी पुरे, आणि तो ऋतू पावसाळा सोडून कुठलाही. पावसात हवेतली धूळ बसते, पाण्याचे आकडे हलतात, यंत्रं भिजतात, ही कारणं शास्त्राला धरूनच होती.

१९९७च्या दुरुस्तीने जनसुनावणी आली. त्यानंतर दोन वर्षांनी आपल्याच जिल्ह्यात, वाशिष्ठीच्या खाडीकाठच्या एका प्रकल्पाच्या सुनावणीला मी मंचावर बसले होते. अहवालातलं पाण्याचं प्रकरण माझं होतं, खाली सही माझी होती. मागून एक जण उठला. आपल्या तुकडीतला, खाडीकाठच्या वाडीवरून होडीने शाळेला येणारा. नाव लिहायचं नाही अशी त्याची अट आहे, पण तुम्ही ओळखाल.

"म्याडम, पाण्याचे नमुने कुठल्या महिन्यात घेतलेत?"

मी सांगितलं, डिसेंबर ते फेब्रुवारी.

"तेव्हा वाशिष्ठीत पाणी कुणाचं असतं?"

सभेत हसू पिकलं. चिपळूणच्या पोरालाही ठाऊक असतं की उन्हाळ्यात नदी वाहती राहते ती पोफळीच्या वीजघरातून सुटणाऱ्या कोयनेच्या अवजलामुळे. "म्हणजे तुम्ही कोयना तपासलीत," तो म्हणाला. "आमची नदी जूनला येते."

मी नियम वाचून दाखवला. नियम बरोबर होता. प्रकल्पाला मंजुरीही मिळाली. बाहेर चहाच्या टपरीवर तो भेटला, 'म्याडम' गेलं होतं. "काय गो, बाईंची पावसाची वही विसरलीस?"

ही वही आठवते का? भूगोलाच्या बाईंनी शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवला होता. जून ते सप्टेंबर रोज सकाळी साडेआठला दोघांनी वर जायचं, पाणी मोजपात्रात ओतायचं, मिलिमीटर लिहायचे. आठवीत त्याची नि माझी एकच पाळी होती. बाईंनी आम्हाला फक्त पावसाळाच मोजायला शिकवलं होतं, आणि मी पदव्युत्तर शिक्षण घेऊन तेवढाच वगळून आले होते.

नोकरी मी दोन वर्षांनी सोडली. कारण तेच होतं असं म्हणायला आवडलं असतं. त्यात लग्न आणि लोकलचा प्रवासही होता. २००४ पासून पदवीच्या सगळ्या शाखांना पर्यावरणाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याचे शल्यचिकित्सक आणि निसर्गअभ्यासक डॉ. एरक भरुचा यांनी लिहिलं. पुस्तक चांगलं होतं, तास मात्र ज्याला मोकळा असेल त्याच्या गळ्यात पडायचे. मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवलं. तिसऱ्या वर्षी वेळापत्रक भरायला दुसऱ्या विषयाचे प्राध्यापक कमी तासांत सापडले आणि मला बोलावणं आलं नाही.

बाईंची वही २६ जुलै २००५च्या पुरात गेली. २२ जुलै २०२१ला पाणी पुन्हा शहरात शिरलं, त्या वेळी मी माहेरीच होते. ओसरल्यावर चिखल काढताना तो मदतीला आला, आणि पायरीवर बसून आम्ही ठरवलं. पुढच्या जूनपासून दर रविवारी सकाळी बहादूरशेख नाक्याच्या पुलावरून आणि त्याच्या वाडीच्या धक्क्यावरून बाटल्या भरतो. शाळेची नववीची मुलं येतात. निळा रंग गेला की ओरडतात.

बाई आता थकल्या आहेत, पण संमेलनाला येणार आहेत. त्यांना दाखवायला वही आणते आहे. जून ते सप्टेंबर भरलेले आहेत. बाकीचे महिने आम्ही घेतलेच नाहीत. त्यावरून त्या रागावतील की काय, याची आम्हा दोघांनाही थोडी धास्ती आहे.