विषाणूचे उसने पांघरूण

येरवड्याहून बंडगार्डनचा पूल ओलांडून पुणे स्टेशनच्या बाजूला आले, की डॉ. आंबेडकर रस्त्यावर राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेची जुनी वास्तू लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ साली ती 'व्हायरस रिसर्च सेंटर' या नावाने सुरू केली. आजचे नाव तिला १९७८ मध्ये मिळाले आणि करोनाच्या साथीत ते घरोघरी पोचले. त्याच दिवसांत येरवड्याच्या दाट वस्त्यांतही एकच उपदेश ऐकू येत होता : हात साबणाने धुवा. साबणाने विषाणू कसा नष्ट होतो, हे मी तेव्हा शोधू लागलो आणि हाती लागला तो सत्तर वर्षांपूर्वीचा इतिहास.

त्याची सुरुवात ईथरपासून होते. ईथरमध्ये चरबी विरघळते. इन्फ्लुएन्झाचा विषाणू शोधणाऱ्यांपैकी एक असलेले ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पोलिओच्या अभ्यासक डोरोथी हॉर्स्टमन यांनी निरनिराळे विषाणू ईथरमध्ये ठेवून पाहिले. १९४९ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. इन्फ्लुएन्झाचा विषाणू निष्प्रभ झाला. पोलिओच्या विषाणूवर काहीच परिणाम झाला नाही. म्हणजे काही विषाणूंच्या अंगावर स्निग्ध पदार्थाचे वेष्टन होते आणि काही उघडेच होते. पुढे १९५७ मध्ये पीतज्वराच्या लसीसाठी नोबेल मिळवलेले मॅक्स थायलर यांनी ईथरऐवजी पित्तातील एक क्षार वापरला. डास आणि गोचिडींमार्फत पसरणारे विषाणू त्याने निकामी होत. थायलर रॉकफेलर फाउंडेशनचेच शास्त्रज्ञ. नवा विषाणू कोणत्या कुळातला, हे ठरवण्याच्या प्राथमिक कसोट्यांत आता ईथर आणि पित्तक्षार यांना जागा मिळाली. ज्या काळात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक फार थोड्या ठिकाणी होता, त्या काळात ही स्वस्त कसोटी मोलाची होती.

पुण्याच्या केंद्राचे काम याच जातीच्या विषाणूंवर चालले होते. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात माकडे आणि माणसे मरू लागली, तेव्हा त्या तापाचा विषाणू इथल्याच शास्त्रज्ञांनी वेगळा केला. १९६५ मध्ये नागपुरात तापाची साथ होती. तिथल्या रुग्णांच्या रक्तातून एक अनोळखी विषाणू मिळाला. भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली आणि त्याला नागपूरच्या चांदीपुराचे नाव मिळाले. पुढे जवळजवळ चार दशके त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने ३२९ मुले आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली, आणि पुण्याच्या तपासणीत हाच चांदीपुरा विषाणू कारण म्हणून पुढे आला.

क्यासनूर, चांदीपुरा, डेंग्यू, करोना हे सगळे वेष्टनवाले विषाणू. हे वेष्टन विषाणूचे स्वतःचे नसते. स्निग्ध पदार्थ बनवण्याची यंत्रणाच त्याच्याजवळ नाही. आपल्या पेशीतून बाहेर पडताना तो पेशीच्याच पटलाचा एक तुकडा अंगावर ओढून घेतो आणि त्यात आपली प्रथिने खोचतो. नव्या पेशीत शिरतानाही हेच पांघरूण कामी येते. चांदीपुऱ्याचा विषाणू पेशीने गिळला, की आतल्या पिशवीतील आम्लतेमुळे त्याच्या प्रथिनाचा आकार बदलतो. त्याचे वेष्टन आणि पिशवीचे पटल, चरबीला चरबी मिळावी तशी, एक होतात आणि आतला ऐवज पेशीत उतरतो. डेंग्यूचा डाव आणखी धूर्त आहे. मरणाऱ्या पेशीच्या बाहेरच्या अंगावर एक विशिष्ट स्निग्ध रेणू उघडा पडतो आणि ही उचलून टाका अशी ती खूण असते. विषाणू तीच खूण अंगावर मिरवतो. पेशी त्याला कचरा समजून घरात घेते.

जे आत शिरण्याचे साधन, तेच त्याचे मर्म. साबणाचा रेणू एका टोकाने पाणी धरतो, दुसऱ्याने चरबी. तो वेष्टन फाडतो. थायलरच्या पित्तक्षाराचे कामही असेच होते.

पण या कथेला दुसरी बाजू आहे आणि तिचाही पुण्याशी संबंध आहे. १९५५-५६ मध्ये दिल्लीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती. तेव्हाचे जपून ठेवलेले रक्तनमुने पुन्हा तपासले गेले. पुण्याच्या संस्थेच्या संचालक खोर्शेद पावरी आणि सहकाऱ्यांचा त्यात सहभाग होता. ही कावीळ 'ए' नव्हे आणि 'बी'ही नव्हे, हे १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. आज तिला हिपॅटायटिस ई म्हणतात. हा विषाणू रक्तात पटल पांघरून फिरतो. यकृतातून पित्तमार्गे आतड्यात उतरताना पित्त ते पांघरूण उतरवते, आणि शौचावाटे तो उघडाच बाहेर पडतो. जे पित्त डेंग्यूसारख्या विषाणूला मारते, त्यातून तो सहीसलामत सुटतो, कारण त्याचे खरे कवच प्रथिनाचे आहे. म्हणून तो सांडपाण्यात टिकतो.

उघड्या विषाणूंपुढे सॅनिटायझर तोकडा पडतो. तिथे हात चोळून, वाहत्या पाण्याखाली विषाणू धुऊनच काढावा लागतो. ज्या गल्लीत नळाला ठरावीक वेळच पाणी येते आणि जिथे पाण्याची नळी गटाराला लागून जाते, तिथे हा फरक पुस्तकी राहत नाही. साबणाची वडी आम्ही विकत आणू शकतो. शुद्ध पाणी मात्र गल्लीपर्यंत पोचवावे लागते, आणि ते काम कोणत्याही घराला एकट्याने करता येत नाही.