चुन्यात शिजवलेला मका

1519 सालचा ऑक्टोबर. अजून तांबडं फुटायचंय आणि तुम्ही तेनोच्तित्लानमध्ये, आजच्या मेक्सिकोत तळ्याच्या पाण्यात वसलेल्या शहरात, एका घराच्या चुलीपाशी बसला आहात. स्पॅनिश सरदार कोर्तेस आणि त्याचे सैनिक अजून वाटेत आहेत. ते इथे पोहोचतील 8 नोव्हेंबरला. आज घरात घाई आहे ती मका वाटायची.

काल रात्री घरच्या बाईने मडक्यात चुन्याचं पाणी घेऊन त्यात मका शिजवला आणि तसाच मुरू दिला. आता ती दाणे हातांनी चोळते आहे. तुम्हीही हात घाला. साल बोटांखाली बुळबुळीत होऊन सुटते, पाणी पिवळं होतं आणि नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीसारखा वास नाकात शिरतो. दाणे नीट धुऊन झाले की ती उतरत्या पाट्यामागे गुडघे टेकते, दगडी लाटणं दोन्ही हातांनी धरते आणि सगळं अंग पुढे झोकून रगडू लागते. घरातल्या माणसांना पुरेल एवढं वाटायला तास न् तास जातात. तिच्या खांद्यांकडे बघा, म्हणजे हे शहर कोणाच्या बळावर जेवतं ते कळेल.

कोरड्या मक्याच्या पिठाची भाकरी थापताना कडा कशा फुटतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. हा गोळा फुटत नाही. तळहातांवर थापलेली पातळ भाकरी मातीच्या तव्यावर पडते, उलटते, टम्म फुगते. सोबत दगडी खलात ठेचलेली मिरची आणि टोमॅटो. घास घेताच डोळ्यांत पाणी येतं. हा तिखटपणा तुमच्या ओळखीचा, पण या वर्षी तुमच्या मुलखातल्या जेवणाचा तिखटपणा मिरी-पिंपळीवर चालतो. मिरची पुढे पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरेल. इथे तेला-तुपाचा थेंब नाही. डुकरं स्पॅनिश लोक आणतील, तोवर चरबीही नाही.

उजाडल्यावर त्लातेलोल्कोच्या बाजारात चक्कर मारा. मक्याच्या पातीत गुंडाळून वाफवलेले तमाले, घेवड्याचे ढीग, टर्की, आवोकाडो. सुटे पैसे म्हणून कोकोच्या बिया मोजल्या जातात.

आता इथून निघा. 1735, उत्तर स्पेनमधलं आस्तुरियास. मक्याचं बी कोलंबसच्या जहाजांतून स्पेनला केव्हाच आलं आहे. ते डोंगरउतारावर उत्तम रुजलं आणि गरिबांचं रोजचं अन्न झालं. इथे मका गिरणीत कोरडा दळतात. चुना कोणी घालत नाही, कारण ती रीत बियाबरोबर आलीच नाही. गास्पार कासाल नावाचा डॉक्टर एका शेतकऱ्याला तपासतो आहे. त्याच्या हातापायांवर लाल खपल्या आहेत आणि गळ्याभोवती माळ घातल्यासारखा पट्टा उठला आहे. माणूस खंगला आहे. हाच आजार पुढे इटलीत पेलाग्रा म्हणून ओळखला जाईल आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण राज्यांत हजारोंचे बळी घेईल. तो संसर्गाने नव्हे, आहारामुळे होतो, हे तिथे डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर दाखवून देईल. 1937 साली नेमकी उणीव सापडेल: नायसिन. मक्यात ते असतं, पण बांधलेलं असतं. चुन्यात शिजवलं की मोकळं होतं आणि अंगी लागतं.

तेनोच्तित्लानमधल्या त्या बाईला नायसिन माहीत नव्हतं. पण चुना का घालायचा, हे तिला आणि तिच्या आधीच्या कित्येक पिढ्यांना पोट आणि हात सांगत होते: साल सुटते, गोळा मिळून येतो, माणसं धडधाकट राहतात. युरोपने दाणा उचलला आणि तो रांधणारीला विचारलं नाही. या दुर्लक्षाची किंमत गरिबांनी आपल्या जिवाने चुकवली, असं मी स्पष्टच म्हणेन.

2010 साली युनेस्कोने मेक्सिकोची पारंपरिक पाककला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. त्या नोंदीत मका चुन्यात शिजवण्याच्या या कृतीचा आणि तिने वाढणाऱ्या पोषणमूल्याचा स्पष्ट उल्लेख आहे.